आईकडे जा

आमच्या संस्थेत अनाथ मुलांना एका मोठ्या इमारतीत कोंबत नाहीत. वस्तीतलंच एक साधं घर, त्यात पाच मुलं आणि एक आई. ती आई मी. आता माझी साठी झाली, गुडघे कुरकुरायला लागले आणि माझ्या जागी नवी आई आली. महिनाभर दोघींनी एकत्र राहायचं, मुलांनी मला आजी म्हणायचं, आणि त्यांनी काहीही मागितलं तरी मी ‘आईकडे जा’ म्हणून नवीकडे पाठवायचं, अशी संस्थेची रीत. ज्यांनी ही रीत काढली त्यांनी ती एकदा स्वतः पाळून बघावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

मोठी चौघं शहाणी. त्यांनी लवकर जुळवून घेतलं. माझा जीव अडकला होता तो धाकटीत. सारखी गुणगुणते म्हणून आम्ही तिला भुंगी म्हणतो. तान्ही असताना माझ्याकडे आली, आणि माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. ती नवीकडे रुळली नाही, तर मी गेल्यावर पोरीचं कसं होणार, या काळजीने मला घास गिळवत नव्हता.

भुंगी वेणी घालून घ्यायला आली की मी म्हणायची, आईकडे जा. बटण तुटलं, आईकडे जा. गुडघा फुटला, तरी आईकडे जा. ती मधल्या दारात उभी राहून एकदा माझ्याकडे, एकदा नवीकडे बघायची. आमचं तरी कुठे धड होतं? कुणी ‘आई’ म्हणून हाक मारली की आम्ही दोघी एकदम ‘ओ’ द्यायचो.

एका दुपारी भुंगी नवीच्या कुशीत झोपलेली दिसली, तिच्या कानाची पाळी धरून. मी ज्यासाठी एवढा आटापिटा केला, ते झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मी धुतलेलीच भांडी पुन्हा घासत बसले आणि भाजीत मीठ जास्त झालं म्हणून नवीवर फणफणले. मीठ बरोबर होतं. मला नेमकं काय हवंय, ते माझं मलाच कळत नव्हतं.

निघायच्या दिवशी भाऊ मला न्यायला येणार होता. मुलांसमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून कपाटाचं दार उघडून त्याच्या आड रडत उभी होते. भुंगीने मला शोधून काढलंच.

“आजी, आईकडे जा,” ती म्हणाली.

“अगं, ती तुझी आई. माझी कशी असेल?”

ती गोंधळली. मग माझं बोट धरून मला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेली. नवी भाजी चिरत होती.

“ही रडतेय,” भुंगीने तिला सांगितलं. “हिला तुझा कान धरू दे.”

नवीने सुरी खाली ठेवली. माझ्या निम्म्या वयाची ती बाई, काय करावं ते न सुचून माझ्यासमोर आली आणि तिने मान कलती केली. बाहेर भावाने गाडीचा हॉर्न वाजवला. मी तिचा कान धरला.