देसोलिनाआजींचा दहाचा फोन

मित्रांनो, या गोदामात येणारी माणसे मला कपाट समजतात. माझ्या अंगावरची शेकडो भोके पाहून मला वाळवी लागली आहे, असेही परवा एकजण म्हणाला. पण त्या प्रत्येक भोकापाशी एके काळी एक चिमुकला दिवा होता. तो लागला, की कोणीतरी कोणालातरी हाक मारते आहे असे समजायचे. मी व्हॅटिकनचा टेलिफोनचा स्विचबोर्ड आहे. तीस वर्षे मी या देशाच्या कानांचे काम केले.

अक्रोडाच्या लाकडात पितळ बसवून मला घडवले. देश आमचा भिंतीच्या आत मावणारा, पण तारा किती! औषधालय, छापखाना, राज्यपालांची कचेरी, पहारेकऱ्यांची चौकी, सगळे माझ्यापाशी येऊन मिळत. आमच्या स्टेशनात गाडी क्वचितच येई. त्यामुळे स्टेशनमास्तर कंटाळून बागेतल्या माळ्याला फोन लावत आणि आर्टिचोकची भाजी कधी काढणार ते विचारत.

माझ्यापुढे मठातल्या सिस्टर बसत. त्यांत सिस्टर एर्सिलिया माझ्या फार लाडक्या. अंगाने अगदी ठेंगण्या. माझ्या वरच्या रांगेपर्यंत हात पोचावा म्हणून त्या खुर्चीत दोन उशा घेत. राजदूत असो की धोबी, त्यांचा आवाज सारखाच मऊ असे.

रोज सकाळी दहाला देसोलिनाआजींचा फोन येई. आजी रोममध्ये, म्हणजे भिंतीपलीकडच्या देशात, एकट्या राहत.

"पोपबाबांना फोन दे गं जरा."

"पोपबाबा कामात आहेत, आजी. मला सांगा ना."

"तुला सांगून काय उपयोग? मोठा प्रश्न आहे. माझा आमेदेओ जन्मभर चर्चची पायरी चढला नाही. पाद्री दिसला की रस्ता ओलांडायचा. पण गल्लीत कोणाला उपाशी झोपू दिलं नाही त्यानं. आता गेला तो. देवानं आत घेतलं असेल का त्याला? मी गेल्यावर भेटेल ना मला?"

याचे उत्तर देण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे सिस्टरांना वाटे. मग त्या हळूच विचारत, "आज जेवायला काय केलंत?" आणि आजी खुलत. चिकोरीची भाजी, खिडकीतून दिसणारी जुन्या फुटक्या मडक्यांची, खापरांची टेकडी, खालचा पावभट्टीवाला जो बारा महिने शिंकतो, असे काहीबाही सांगत राहत.

एका फेब्रुवारीत दहा वाजले, पण आजींचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"मदर," सिस्टर एर्सिलिया आमच्या प्रमुख मदर जेनेरोसांना म्हणाल्या, "आजींचा फोन नाही."

"बरं झालं. तेवढीच एक तार मोकळी."

"एकट्या असतात हो त्या."

"पत्ता आहे?"

"नाही."

"नंबर?"

"नाही."

"मग काय कबुतर सोडणार आहेस?"

त्या सकाळी मोठी सभा होती. देशोदेशीचे बिशप आले होते आणि माझ्या अंगावर दिवेच दिवे लागले होते. सिस्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग माझी एक जोडणीची दोरी उचलून बाहेरच्या लाइनच्या भोकात खुपसली आणि खापरांच्या टेकडीजवळच्या चर्चला फोन लावला.

"इथं भट्ट्या तीन आहेत, सिस्टर," तिथले फादर म्हणाले.

"जिचा मालक सारखा शिंकतो ती."

"मग नझारेनोची. पण तो मला पाहिलं की दुकानाचं दार लावून घेतो हो."

"तर मग दाराबाहेरून ओरडा, फादर!"

वेळ जाता जाईना. एका बिशपांचा दिवा केव्हापासून लुकलुकत होता. मदर तरातरा आल्या. रागवायलाच आल्या होत्या. पण सिस्टरांचा चेहरा पाहिला आणि त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"बिशपमहाशय, थोडं थांबावं लागेल," त्या स्वतः फोनवर म्हणाल्या. "एक माणूस हरवलंय आमचं."

अखेर फादरांचा फोन आला. त्यांना धाप लागली होती. "सापडल्या! स्वयंपाकघरात पडल्या होत्या, दोन दिवस. मांडीचं हाड मोडलंय, पण शुद्धीवर आहेत. नझारेनोनं खांद्यानं दार उखडलं. त्याच दारावर झोपवून चार मजले खाली आणलं. एक टोक त्यानं धरलं, एक मी. उतरताना तो मला इतक्या शिव्या देत होता, की विचारू नका!"

सिस्टर हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. मदरांनी स्वतःचा रुमाल पुढे केला.

मे महिन्यात एका दुपारी सांत आन्ना फाटकावरचा दिवा लागला. तिथल्या स्विस पहारेकऱ्याला, उर्सला, आमची भाषा अजून नीट येत नव्हती.

"सिस्टर, एक आजी आला आहे. काठी आहे. भेट पाहिजे."

"पोपबाबांची ना?"

"नाही. सिस्टर एर्सिलियाची."

सिस्टर उशा उडवत धावल्या. उर्स रिसीव्हर टेबलावर तसाच ठेवून विसरला, म्हणून मला पुढचे सगळे ऐकू आले.

"अगं, तू एवढीशी? आवाजावरून मला वाटलं, चांगली ताडमाड असशील!"

"आजी, तुमच्या त्या प्रश्नाचं मला अजून..."

"राहू दे, पोरी. मिळालं उत्तर. फरशीवर पडल्या पडल्या मी देवाला हाका मारत होते. त्यानं पाठवलं कोणाला? नझारेनोला! आमेदेओचा जिवलग आणि त्याच्याइतकाच नास्तिक. अशा माणसांना आत घ्यायचंच नसतं, तर देवानं त्यांना आपल्या कामाला लावलं असतं का गं?"

सिस्टर म्हणाल्या, "आजी, मला हे सुचलं नसतं." आणि उर्सने मोठ्याने नाक शिंकरले.

पुढे बटणांची नवी यंत्रे आली. माझ्या तारा कापल्या गेल्या, दिवे काढून नेले. सिस्टर एर्सिलिया जाताना माझ्या लाकडावरून एकदा हात फिरवून गेल्या. मी रागावलो नाही. कामे बदलतात, तशी यंत्रेही बदलायचीच.

मित्रांनो, कधी या बाजूला आलात तर माझ्यावरची धूळ पुसा, मला बरे वाटेल. पण त्याहून एक मोठे काम तुमच्यासाठी आहे. तुमच्या ओळखीचा एखादा रोजचा आवाज एके दिवशी आला नाही, तर हातातले काम बाजूला ठेवा. शेजारी विचारा, त्यांच्या शेजारी विचारा, आणि तो माणूस सापडेपर्यंत विचारत राहा.