कठड्याचा पाइप

सासऱ्यांनी सात वर्षं खपून बांधलेली होडी पाण्यात उतरवायची होती आणि ती ट्रेलरवर ओढून न्यायला माझाच डिझेल ट्रक होता. या ट्रकवर मी माल पोचवते. उतारावर मागे घेताना सायलेन्सरचं तोंड पाण्याखाली जाणार, हे मला दिसत होतं. पाणी आत शिरलं किंवा धूर गाळणारी आतली तापलेली जाळी थंड पाण्याने तडकली, तर महिनाभर काम बंद. पण त्यांचा आनंद बघून मला बोलवेना.

काठावर पोचताच त्यांनीच इंजिन बंद करायला लावलं.

"अर्धा तास निवू दे त्याला. सात वर्षं थांबलो, अर्ध्या तासाने काय होतंय?"

मग त्यांनी पिशवीतून एक वाकवलेला, चकचकीत पाइप काढला आणि सायलेन्सरच्या तोंडाला क्लॅम्पने आवळला. त्याचं दुसरं टोक पार ट्रकच्या मागच्या फळीच्या वर आलं. मी होडीकडे पाहिलं. तिचा डावा कठडा गायब होता.

"अहो बाबा, कठडा कापलात?"

"होडीला दुसरी बाजू आहे की. तुझ्या ट्रकला तोंड एकच."

अर्ध्या तासाने मी ट्रक चालू केला आणि इंजिन बंद पडू न देता सावकाश मागे नेला. मागची चाकं बुडाली, धूर वरूनच निघत राहिला. होडी तरंगली. आरशात पाहिलं, तर ते पाइपकडेच बघत होते.

"गेलं का गं पाणी आत?"

"थेंबभरही नाही, बाबा."

मग कुठे ते होडीकडे वळले.