माझ्या चाकांवरचे झाकण

मित्रांनो, मी एक जुना रेचा आहे. कापूस आणि सरकी यांची ताटातूट करणे हे माझे काम. मुरुमच्या बाजारपेठेच्या टोकाला, पडक्या पत्र्याखाली मी आता गंजत पडलो आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते म्हणे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी लोखंडाचा आहे आणि माझा स्वभावही तसाच आहे.

माझा जन्म विलायतेत झाला. घडवणाऱ्यांनी मला चामड्याचा रूळ दिला, पोलादी पाते दिले आणि उजव्या अंगाला दातेरी चाकांची जोडी दिली. ती चाके एकमेकांत दात रोवून फिरत. म्हणून त्यांच्यावर बसेल असे एक खोलगट लोखंडी झाकणही त्यांनी दिले. कापूस आणि बोट यांतला फरक मला कळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आगगाडीने सोलापूरपर्यंत आणि तिथून बैलगाडीने मी मुरुमला आलो. तेव्हा इथे निजामाचे राज्य होते.

माझे मालक महालिंगप्पा. सगळे त्यांना अप्पा म्हणत. कपाळाला भस्म लावून शिवपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नसत. दसऱ्याला मला झेंडूचा हार घालत, नारळ फोडत आणि आल्यागेल्याला सांगत, "ह्यो माझा थोरला लेक." या थोरल्या लेकाचे झाकण त्यांनीच काढायला लावले.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते आणि कापसाला भलतीच मागणी होती. चाकांना तेल घालायचे तर झाकण उचलावे लागे, आणि झाकण उचलायचे तर इंजिनाचा पट्टा उतरवून मला थांबवावे लागे. तेवढी खोटी अप्पांना सोसेना. त्यांनी मिस्त्री शरणबसप्पाला बोलावले.

"ते झाकण काढून टाक. चालत्या चाकालाच तेल घालत जावा."

"अप्पा, कुणाचा तरी हात जाईल."

"देवानं डोळे दिलेत न्हवं समद्यांना?"

झाकण निघाले. खोलगट असल्याने ते आवारात उलटे ठेवले गेले आणि त्यात गाडीच्या बैलांना सरकीचे आंबोण घालू लागले. बैलांनी ते चाटून चाटून चकचकीत केले.

तेल घालण्याचे काम कोंडीरामचे होते. हसतमुख गडी, कामाला वाघ. एका सकाळी तेल पुसायची चिंधी चाकांत अडकली आणि चिंधीमागून त्याची बोटे आली. मी थांबलो नाही. मला थांबता येत नाही. कुणीतरी थांबवावे लागते. शरणबसप्पाने धावत जाऊन पट्टा उतरवला तोवर उजव्या हाताची चारही बोटे गेली होती. कागदावर उठवण्यापुरता अंगठा तेवढा शिल्लक राहिला. लाल झालेला कापूस अप्पांनी वेगळा काढायला लावला आणि दुपारच्या आत मला पुन्हा सुरू केले.

यंत्राने एकदा रक्त चाखले की ते पुन्हा मागते, अशी इथल्या लोकांची समजूत. ते शांत करावे लागते. अप्पांनी स्वतः नारळ आणि खण पाठवला आणि कोंडीरामची बायको द्वारकाबाई माझी ओटी भरायला आली. सगळे कामगार भोवती उभे होते. तिने हळदकुंकू वाहिले, माझ्या लोखंडावर कपाळ टेकले आणि म्हणाली, "माय, आमचं चुकलंमाकलं पदरात घे. माझ्या कुंकवाला राख."

मला ती माय म्हणाली, म्हणून हसू नका. या मुलखात देवापुढून उठताना प्रत्येक जण हेच म्हणतो. ज्याने आयुष्यात मुंगीही मारली नाही तोसुद्धा म्हणतो. तिचे काहीच चुकले नव्हते, कोंडीरामचेही नव्हते. पण देवापुढे बोलायची रीत ती, आणि रीत कुणी सोडत नाही.

हात बरा झाला, म्हणजे जखम बुजली. मग उस्मानाबादच्या एका भल्या वकिलाने कोंडीरामला सांगितले, की कारखान्यात हात गेला तर मालकाने भरपाई द्यावी असा सरकारी कायदा आहे, फिर्याद कर. कोंडीरामच्या मनाने उभारी घेतली. भरपाईतून फुटाणे-शेंगांचे दुकान टाकायचे, असे त्याने ठरवले. फुटाणे डाव्या हातानेही देता येतात. घर चालवायला द्वारकाबाईला या रेच्यावर पाठवायची पाळी येऊ नये, एवढीच त्याची धडपड होती. माझी चाके त्याने पुरती ओळखली होती.

फिर्याद लागली तसे सरकारी अंमलदार यंत्राच्या पाहणीला येणार असे कळले. त्या सकाळी अप्पांनी बैलांपुढून झाकण उचलून आणवले आणि शरणबसप्पाने ते माझ्यावर आवळून बसवले. आतल्या कडांना आंबोण तसेच होते. ते आंबट वास मारत होते आणि माझ्यावर माश्या घोंगावत होत्या. अंमलदाराने नाकाला रुमाल लावला. अप्पा म्हणाले, "जुनं यंत्र हाय साहेब, वास यायचाच." अंमलदाराने लांबूनच मान डोलावली आणि झाकण जागेवर आहे असे लिहून घेतले. त्याची गाडी वेशीबाहेर जाते न जाते तोच झाकण पुन्हा बैलांपुढे गेले.

अदालतीत मला कोण नेणार? तिथे जे झाले ते शरणबसप्पाने परत आल्यावर माझ्या पायाशी बसून बाकीच्यांना सांगितले. तो अप्पांच्या बाजूचा साक्षीदार होता. झाकण होते, असे तो शपथेवर बोलून आला होता. "पोटापुढं इलाज न्हाय," एवढे म्हणून त्याने मान खाली घातली.

अप्पांच्या वकिलाने द्वारकाबाईला उभे केले होते. सरळ, गोड आवाजात विचारले, "बाई, तू यंत्राची पूजा केलीस?"

"व्हय."

"काय म्हणालीस?"

"चुकलंमाकलं पदरात घे म्हनले. समदेच म्हनत्यात, साहेब."

"समद्यांचं राहू दे. यंत्राला देव समजून म्हणालीस ना?"

"व्हय."

"देवापुढं तू खोटं बोलतीस का?"

कोंडीरामचा वकील उठून काही बोलू लागला, पण त्याला खाली बसवले गेले. खोटे बोलते म्हणावे तर देव कोपणार आणि नवऱ्याचा उरलेला हातही जाणार, ही धास्ती तिला होती. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि म्हणाली, "न्हाय बोलत."

"म्हणजे चूक तुमचीच होती."

झाकण होते हे अंमलदाराने लिहिले होते, मिस्त्रीने शपथेवर सांगितले होते, आणि चूक आपली हे बायकोने देवापुढे कबूल केले होते. फिर्याद फेटाळली गेली. द्वारकाबाई बाहेर येऊन कोंडीरामला विचारू लागली, "म्या खरं बोलले तर आपन हरलो कसं?"

मला त्या वकिलाचा राग आला नाही. तो माझ्याच जातीचा, समोर येईल ते पिळून काढणारा. मला राग आला तो त्या नारळाचा. अप्पांनी तो कावा करून पाठवला होता का? नाही. भक्तीनेच पाठवला होता. झाकण काढणारा हात आणि नारळ पाठवणारा हात एकाच माणसाचा होता आणि त्याला त्यात काही वावगे वाटले नाही, हेच मला अजून पचत नाही.

पुढे अप्पांनी मोठे मन दाखवले. फिर्याद करणाऱ्या कोंडीरामला त्यांनी परत कामावर घेतले आणि बैलांना आंबोण घालायचे काम दिले. गाव म्हणाले, अप्पा देवमाणूस. तेवढ्यात घर भागेना, म्हणून द्वारकाबाई माझ्यावर कापूस लावायला आली. आवारात तो डाव्या हाताने झाकणात आंबोण कालवी आणि आत, त्या झाकणाविना फिरणाऱ्या चाकांशेजारी ती उभी राही. चाकांचा आवाज जरा बदलला की त्याचा हात आंबोणात तसाच थांबे.

निजामाचे राज्य गेले तेव्हा अप्पांनी आवारात गूळ वाटला. बैल त्या दिवशीही झाकणातच खात होते. द्वारकाबाई रोज पट्टा चढण्याआधी मला हात लावून म्हणायची, "चुकलंमाकलं पदरात घे." तिची बोटे शाबूत राहिली. लोक म्हणाले, पूजेचा गुण. तिच्यामागून आलेल्या इरम्मानेही तशीच पूजा केली होती. तिची दोन बोटे गेली. तिने मात्र फिर्याद केली नाही. थेट नारळच आणला.

मित्रांनो, दसऱ्याला अजूनही कुणीतरी येऊन माझ्या गंजलेल्या अंगावर झेंडूचा हार टाकून जाते. तुम्ही मोठे झाल्यावर कुठल्यातरी यंत्रापुढे उभे राहालच. तेव्हा आधी त्याचे झाकण जागेवर आहे का ते बघा. नसेल तर ते मागा, भांडून मागा. आणि ते बसेपर्यंत त्या यंत्रापुढे हात जोडू नका, हात मागे घ्या.