सुगंधाचा पिवळा शंकासूर

माझी बायको सुगंधा गेली हे मला कुणी तोंडानं सांगितलं नाही. सोनपेठजवळ एका रानात आमची मेंढरं बसवली होती. सकाळी माझा चुलतभाऊ महारुद्र भाड्याची जीप करून आला. त्यानं माझ्या हातातली काठी घेतली आणि मेंढरं वळवायला लागला. "तू गाडीत बस, दादा," एवढंच म्हणाला. धनगराच्या हातातली काठी कुणी अशी घेत नाही. मी समजलो.

तेरावं झाल्यावर सून बबितानं फळीवरची कापडी पिशवी खाली काढली. आत पिवळ्या शंकासुराचं बी होतं. सुगंधा माहेरी, पिंगळीला गेली की स्टेशनाजवळच्या झुडपांच्या शेंगा आणायची. वाळल्या की त्या तडकतात आणि बी लांब उडतं, म्हणून वर जुनं लुगडं टाकायची. तिला दारापुढं फुलांची ओळ हवी होती. आधी ती कण्हेर लावणार होती.

"कण्हेर नको," मी म्हणालो होतो. "कोकरू तोंड लावंल अन् मरंल."

"कोकरांचं लय कवतिक तुमाला. मग मी कोण?"

"तू कळपाची मालकीण."

"मग मालकीण सांगायलीय, शंकासूर लावायचा."

तिची ओळ आपण करायची, असं मी ठरवलं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या घेतल्या. शेतकरी आमची मेंढरं रानात बसवतात ती लेंडीखतासाठीच. म्हणून मी मेंढरांच्या वाड्यातल्या ताज्या लेंड्यांनी पिशव्या गच्च भरल्या आणि निम्मं बी लावलं. थोडे कोंब आले, पिवळे पडले, मेले.

बबितानं पिशवीत बोट घातलं. "मामा, ही माती हाय का मेंढरांचा वाडा?"

"खत हाय. एकदम ताजं."

"म्हणूनच जळालं. लेकरू जन्मलं की भाकर चारता का तुमी?"

"तुला गं कुणी शिकवलं?"

"आत्याबाईनं." सुगंधाला, म्हणजे सासूला, ती असंच म्हणायची. "तुमी रानात असायचे, मी हितं असायचे न्हवं का."

उरलेल्या बियांबद्दल मला भीती वाटत होती. त्या गेल्या की तिच्या हातच्या बिया संपल्या. बबितानं सांगितलं तसं एकेक बी दगडावर घासलं, गरम पाण्यात रातभर ठेवलं. माती, वाळू आणि जुनं खत मूठभर. मग रोज सकाळी आधी पिशव्या, नंतर चहा.

एका सकाळी मी ओरडलो. बबिता पिठाच्या हातानं पळत आली.

"काय झालं? शेरडं शिरली का?"

"आलंय गं. बघ."

ती खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

आता रोपं वीतभर झाली आहेत. परवा कुदळ घेऊन दारापुढं गेलो. ओळ कुठून कुठपर्यंत, हे सुगंधानं कधी सांगितलं नव्हतं. मला एकट्याला ठरवता आलं नाही. कुदळ भिंतीला लावून परत आलो. मुळं पिशव्यांतून बाहेर यायलीत, असं बबिता म्हणते. खड्डे अजून खणायचे राहिले आहेत.