कार्नाचं कोकरू

मी कोकरू बोलतोय. घाबरू नका, ओरडत नाही. मी पौर्णिमेला ओरडतो असं आमच्या सगळ्या पंचक्रोशीचं ठाम मत आहे; पण मी संगमरवरी, मला ते कधी जमलं नाही.

नेब्रास्कात, मक्याच्या शेतांमधल्या एका टेकाडावर आमची जुनी दफनभूमी आहे. जमीन मिळेल म्हणून स्वीडन सोडून आलेली माणसं इथे निजली आहेत. कुणी ऐंशी वर्षं जगून, कुणी तीन. लहान मुलाच्या कबरीवर पाय मुडपून बसलेलं कोकरू ठेवायची त्यांची रीत.

मला कार्नाने आणवलं. तिचा एलॉफ तीन वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. त्या एका हिवाळ्यात वस्तीतली पाच मुलं गेली. एका ओळीत पुरली, वर लाकडी क्रूस लावले. पुढे गवताला वणवा लागला आणि क्रूसांची राख झाली. बाकीची चार घरं तोवर दुष्काळाला कंटाळून पश्चिमेला निघून गेली होती. कुठली कबर कुणाची, हे विचारायचं कुणाला?

मी पेंढ्यात गुंडाळून रेल्वेने आलो, तेव्हा नवऱ्याने विचारलं, "कुठे ठेवू?" कार्नाने बेधडक बोट दाखवलं. मला बसवून तो अवजारं गाडीत ठेवायला गेला, तशी ती माझ्या कानाशी वाकली. "इथेच असावा रे. नसला, तर ज्याचं कुणाचं लेकरू असेल त्याला सांभाळ." हे तिने नवऱ्याला मरेपर्यंत सांगितलं नाही. त्याची तेवढी तरी खात्री राहावी, असं तिला वाटलं असणार.

हिवाळ्यात ती पांढरी गोधडी घेऊन यायची, बर्फ झटकायची आणि मला पांघरूण घालायची. दगडाला कसली आलीय थंडी! पण मी काही बोललो नाही. एकदा खालच्या रस्त्याने एक भांडीवाला चालला होता. त्याला बर्फात काहीतरी पांढरं फडफडताना दिसलं. घोडा पिटाळत तो गावातल्या दुकानात पोचला आणि म्हणाला, "टेकाडावर बाई आहे, तिला पाय नाहीत!" आठवड्याने कार्ना त्याच दुकानात मीठ आणायला गेली, तेव्हा लोकांनी तिलाच ती गोष्ट सांगितली. ती मुकाट्याने मीठ घेऊन आली.

माणसांना गोष्ट आहे तेवढी पुरत नाही. कार्ना गेली, टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला नवऱ्याशेजारी निजली, आणि पांढऱ्या बाईला दर दहा वर्षांनी नवा गुन्हा चिकटत गेला. आधी ती नुसती रडायची. मग म्हणे वेडी झाली. शेवटी तर तिने स्वतःच्या पोराला ओढ्यात बुडवलं असं ठरलं. हे ऐकताना मला फार वाईट वाटायचं.

ह्याच गोष्टीपायी शहरातल्या दोन टग्यांनी पैज लावून मला उचललं. माझा एक कान तोडला, आणि अर्ध्या वाटेत भीती वाटली म्हणून रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत फेकून दिलं. चार वर्षं मी बेडकांत काढली. मग शेजारच्या शेतातल्या मर्लला सापडलो. दफनभूमीची मंडळी जमली, पण माझी जुनी जागा तोवर गवताखाली बुजलेली, ती कुणालाच आठवेना. एका कबरीवर मोकळा ओटा होता, त्यावर मी बरोबर बसलो. "मापात बसतंय ना? मग झालं!" म्हणाले आणि सरबत प्यायला गेले. ती कबर होती नील्स ब्रुनची. जन्मभर लग्न न केलेला आणि पोरं दिसली की काठी उगारणारा म्हातारा.

गेल्या मे महिन्याच्या शेवटी, सगळे कबरींवर फुलं घेऊन येतात तेव्हा, हुल्दा आली. एलॉफच्या धाकट्या भावाची ही मुलगी, पंच्याऐंशीची. पुढच्या आठवड्यात ती कायमची लेकीकडे ॲरिझोनाला जायची होती.

"मर्ल, ह्याला एलॉफवर नेऊन ठेव. मी बापाला शब्द दिलाय."

"कुठला एलॉफ ते दाखव, लगेच ठेवतो. ब्रुन तर मला दुवाच देईल."

मर्लने हँगरच्या दोन तारा वाकवून आणल्या होत्या. हातात सैल धरून चालायचं. खाली कबर असली की तारा एकमेकींवर येतात, असं इथल्या सगळ्यांचं म्हणणं. मर्ल चालला. तारा पाच वेळा जुळल्या. पाचही कबरी आखूड. प्रत्येकीवर त्याने छोटी झेंडी रोवली.

"पाच?" हुल्दा म्हणाली. "मला एकच हवी होती."

"तारा कबर दाखवतात गं, नाव नाही सांगत."

"पुन्हा चाल."

"तीनदा चाललो, हुल्दा. माझे गुडघे आता मलाच इथे मुक्कामाला ठेवतील."

ती हसली नाही. घडीच्या खुर्चीत बसली आणि तिचे डोळे भरून आले. "आजीला जागा पक्की ठाऊक होती. तिने बोट दाखवलं होतं. आम्हीच घालवली."

त्या क्षणी मला खरंच ओरडावंसं वाटलं. बाई गं, तिलाही ठाऊक नव्हतं! पण दगडाच्या घशात आवाज कुठून यायचा?

तिने डोळे पुसले आणि झेंड्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाली, "बाकीच्या चौघांचं कुणी येतं का रे?"

"माझ्या हयातीत तरी कुणी आलेलं पाहिलं नाही."

हुल्दा उठली. आणलेल्या गुच्छाची दोरी सोडली, आणि वाकता येत नव्हतं तरी वाकून पाचही ठिकाणी फुलं ठेवली. "मधल्या झेंडीपाशी ठेव त्याला."

"अगं, मग एलॉफवर ठेवल्यासारखं नाही झालं."

"नाही ठेवलं असंही नाही झालं. उचल."

तेव्हापासून मी इथे आहे. कान एकच, पाठीवर शेवाळ. हुल्दा ॲरिझोनाला गेली. तुम्ही कधी आलात, तर तारेच्या ब्रशने मला घासू नका, साधं पाणी पुरतं. पांढऱ्या बाईची गोष्ट सांगायचीच असेल, तर ती आई होती एवढं सांगा. आणि कार्नाने ज्याला सांभाळायला सांगितलं, तो तिने बोट दाखवलेल्या जागी होता की नाही, ह्या एकाच विचारात मी सव्वाशे वर्षं काढली. आता पाचांना सांभाळतो, आणि त्या पाचांत तिचा एलॉफ नक्की आहे.