चार इंच कमी

मित्रांनो, मी कापड मोजायची एक जुनी टेप आहे. खरं सांगायचं तर पूर्ण टेपही नाही. माझ्या एका बाजूला साठ इंच आणि दुसऱ्या बाजूला दीडशे सेंटिमीटर लिहिलेले आहेत. पण पहिले चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर, आता माझ्याकडे नाहीत. जी वस्तू दुसऱ्यांना माप दाखवते तिनेच तोकडं असावं, याची लाज मला फार वर्षं वाटत होती. पुढे या चार इंचांवरून आमच्या घरात जे झालं ते ऐकलंत, तर तुम्हीही म्हणाल की लाज वाटायला कारण होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही बहिणी हजारोंनी होतो, सगळ्या पिवळ्याधमक, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना पितळी पट्टी. मी नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका दुकानात, काचेच्या बरणीत, बटणांच्या शेजारी येऊन पडले. तिथून मला संजनाने उचललं. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. माहेर येवल्याचं, वडील मागावर पैठणी विणणारे. त्यामुळे हाताला काम नसलं की तिला चैन पडत नसे. सासरी पंचवटीत, आडगाव नाक्याच्या बाजूला, दोन खोल्यांच्या घरात ती लोकर आणि मण्यांची तोरणं करू लागली. दाराचं माप मी द्यायचं, दोरी मी मोजायची, दोन गोंड्यांमधलं अंतरही मीच राखायचं. संजना मला वापरून झाल्यावर नेहमी सैलसर गुंडाळून ठेवी, म्हणजे मला घडी पडू नये. असा हात मिळणं हे टेपचं नशीब असतं, आणि ते मला मिळालं होतं.

मग वैष्णवी जन्मली. तिला दात येत होते तेव्हा एका दुपारी संजना कुकरच्या शिट्ट्या मोजत होती, आणि मी सतरंजीवर पडले होते. वैष्णवीने माझं टोक तोंडात घातलं. पितळी पट्टी निघून आली, पुढच्या आकड्यांचा चोथा झाला. संजनाने आधी लेकीच्या तोंडातून पट्टी काढली आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिने मला फेकलं नाही. कात्रीने चारच्या रेघेवर सरळ कापलं, कडा मेणबत्तीवर धरून बंद केली आणि म्हणाली, "आता चारपासून मोजायचं." त्या दिवसापासून ती प्रत्येक मापातून चार वजा करी. तीस हवे असतील तर चौतिसावर खूण. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं की तिला विचार करावा लागत नसे.

तिच्या सासूबाई, लंकाबाई, मूळच्या सायखेड्याच्या. नवऱ्यामागे मुलाकडे राहायला आल्या. आधी त्यांना तोरणं म्हणजे रिकामपणाचा उद्योग वाटे. पण हळूहळू त्याच मणी ओवायला बसू लागल्या. बोलण्यात फटकळ, हाताने मात्र बारीक. "चारपासून" हा शब्द त्याही उचलून बसल्या.

संजनाचा नवरा राकेश सातपूरच्या एका कंपनीत आहे. तिथे तीन पाळ्यांत काम चालतं. तो थट्टेने म्हणे, "आमच्या कंपनीत तीन पाळ्यांना तीन माणसं लागतात. घरी तिन्ही पाळ्या एकटी संजना करते." पहिली पाळी पळण्याची, दुसरी डबे-पोळ्या-शाळेची, तिसरी तोरणांची. सगळे हसत, संजनाही हसे. पण पाळी बदलताना मध्ये सुट्टी नसते, हे मला गुंडाळणाऱ्या तिच्या बोटांवरून कळे.

पळण्याचं सांगायचं राहिलं. शाळेत असताना संजना तालुक्याला पहिली आली होती. लग्नानंतर ते सगळं मागे पडलं. टाळेबंदीच्या दिवसांत, दोन खोल्यांत चार माणसं दिवसभर समोरासमोर असताना, तिला एकदम पळावंसं वाटलं. इमारतीमागे रिकाम्या प्लॉटांचा एक लेआउट होता. घरं कमी, बाभळी जास्त, आणि सभोवती गोल फिरून येणारा रस्ता. किती लांबीचा ते कुणाला ठाऊक नव्हतं. घरात फोन एकच, आणि तो वैष्णवीच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला. तेव्हा संजनाने मला घेतलं.

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस होता, मित्रांनो. मी आजवर दारं, खिडक्या, बाह्या, गळे मोजले होते. रस्ता मोजायला मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. संजना पुढचं टोक धरून खडूची रेघ मारी, लंकाबाई मागचं टोक त्या आधीच्या रेघेवर पायाच्या अंगठ्याने दाबून धरत आणि प्रत्येक टेपेला एक चिंचोका पिशवीत टाकत. दोन सकाळी मी डांबरावर पालथी पडत गेले. शेवटी चिंचोके मोजले, बरोबर चारशे.

"चारशे गुणिले दीड," संजना म्हणाली. "सहाशे मीटर. पस्तीस फेऱ्या म्हणजे एकवीस किलोमीटर."

"पस्तीस? डोकं गरगरंल तुझं," लंकाबाई म्हणाल्या.

त्या दोघींनी चारशेला दीडने गुणलं, आणि मी एक मीटर चाळीसची आहे हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. कापड कापताना चार सोडायचे हे हातांना माहीत होतं. पण इथे आरंभ नव्हताच, नुसती टेपेला टेप लागत होती. मला कळत होतं. पण टेपेला तोंड नसतं, फक्त आकडे असतात.

पुढची तीनचार वर्षं संजना त्या रस्त्यावर पळाली. टाळेबंदी उठली, घरात दुसरा फोनही आला, पण हातात फोन धरून पळणं तिला आवडेना. खिशात पस्तीस चिंचोके, प्रत्येक फेरीला एक उजव्या खिशातून डाव्या खिशात. येऊन अंघोळ, डबे, मग तोरणं. त्या दिवसांची मला आजही आठवण येते. पहाटेच्या गारव्यात ती घरी यायची तेव्हा लंकाबाई चुलीशी नाही, गॅसशीच, पण चुलीसमोर बसल्यासारख्या उकिडव्या बसून चहा गाळत असायच्या. तिच्या कपाळावरचा घाम वाळायच्या आत चहा तिच्या हातात असे.

मग गेल्या पावसाळ्यानंतर सगळं एकाच आठवड्यात बिनसलं. दिवाळीची तोरणं अंगावर आली, वैष्णवीच्या दहावीची पालकसभा संजना साफ विसरली, आणि सगळ्या फेऱ्या मारून ती येईपर्यंत गॅसवर ठेवलेलं दूध करपून पातेलं काळं झालं. लंकाबाई पातेलं घासत म्हणाल्या, "तीन जागी पाय ठिवती तू. एक तर सुटणारच हाय. कंचा सुटतो ते तूच ठरीव."

राकेश काहीतरी बोलणार होता, पण संजनाच आधी बोलली. आवाज चढवला नाही. "जानेवारीत शहरात एकवीस किलोमीटरची शर्यत आहे. तीन तासांची मुदत आहे. मुदतीत पोचले तर पळणं ठेवीन. नाही पोचले तर बूट खालच्या मजल्यावरच्या सायलीला देऊन टाकीन. परत विषय नाही."

लंकाबाईंनी मान हलवली. शब्द झाला. आमच्या घरी शब्द झाला की तो भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरइतकाच सगळ्यांना दिसतो.

पुढचे अडीच महिने संजना जिवावर उदार होऊन पळाली. पस्तीस फेऱ्यांना तिला दोन तास पन्नास मिनिटं लागू लागली. दहा मिनिटं हाताशी होती. ती खूश होती. मी शिवणाच्या डब्यात पडून हिशोब करत होते आणि माझे आकडे मला टोचत होते. पाचशे साठ गुणिले पस्तीस. एकोणीस किलोमीटर आणि सहाशे मीटर. ती एकवीस कधी पळालीच नव्हती.

शर्यतीच्या रविवारी कडाक्याची थंडी होती. लंकाबाई शाल पांघरून मैदानावर आल्या, सोबत कापडी पिशवी. त्या संध्याकाळी सायखेड्याला एका वास्तुशांतीचं तोरण पोचवायचं होतं आणि शेवटचे गोंडे बाकी होते. पिशवीत लोकर, कात्री आणि मी. लंकाबाई एका कठड्यावर बसून गोंडे बांधत राहिल्या. माणसं पळत येत होती, टाळ्या वाजत होत्या. राकेश दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता.

दोन तास पन्नास झाले. संजना दिसेना. तीनला पाच कमी. मग तीन तास झाले, आणि दोन पोरं येऊन शर्यत संपायच्या फाटकाची फीत गुंडाळायला लागली. लंकाबाईंचा हात थांबला. तीन मिनिटांनी संजना वळणावर दिसली. ती पळतच होती, पण पाय उचलत नव्हते. फाटकाशी एक मुलगी तिला म्हणाली, "मॅडम, वेळ संपली. पाणी घ्या."

संजना पाणी प्यायली. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "किलोमीटरच्या पाट्या पहिल्यापासूनच उशिरा येत होत्या. मला वाटलं, त्यांनीच चुकीच्या लावल्यात."

घरी आल्यावर तिने बूट धुतले. दोन्ही बूट उन्हात ठेवून त्यांच्या नाड्या वेगळ्या वाळत घातल्या, दुसऱ्याला देताना वस्तू जशी स्वच्छ करून देतात तशी. वैष्णवी फोन घेऊन खाली उतरली आणि तो रस्ता चालून आली. दारातच म्हणाली, "मम्मी, आपली फेरी सहाशेची नाहीच. मी दोनदा चालले. पाचशे साठ दाखवतंय."

"फोन चुकत असेल," राकेश म्हणाला.

लंकाबाई तोरणाची वरची दोरी कापायला बसल्या होत्या. त्यांनी मला दोरीवर लावलं आणि सवयीने पुटपुटल्या, "चारपासून." मग त्यांचा हात तिथेच राहिला. त्यांनी माझं कापलेलं टोक बोटाने चाचपलं.

"संजना," त्या म्हणाल्या, "ही तोकडी हाय."

"हो आई, माहीत आहे की."

"आगं, रस्ता मोजताना बी तोकडीच व्हती. चारशे येळा."

संजना बूट हातात घेऊन उभी होती. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती खाली बसली आणि हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी आयुष्यात अनेक मापं चुकलेली पाहिली आहेत, पण त्या क्षणी मला वाटलं की कुणीतरी मला चुलीत घालावं. अडीच महिन्यांचा घाम आणि तिचा शब्द, दोन्ही माझ्यामुळे खोटे पडले होते.

लंकाबाईंना तेच वाटलं असावं. त्या मला कचऱ्याच्या डब्याकडे घेऊन निघाल्या. संजनाने त्यांचा हात धरला. "टेपेचं काय चुकलं? ती काल तोकडी झाली का? आपण विसरलो."

"म्या इसरले," लंकाबाई म्हणाल्या. "अंगठ्याखाली टोक माझ्या व्हतं. आन शब्दबी म्याच घेतला तुझ्याकडून. ज्या रस्त्याच्या भरवशावर शब्द दिला तो रस्ताच खोटा, मंग शब्द कसला? ते बूट आत ठिव. पळायचं सोडायचं नाय."

"मग दूध? तोरणं?"

"दूध राकेश बघंल. त्याला कंपनीत एवढ्या मशिनी कळत्यात, पातेलं नाय कळणार का? तोरणाच्या दोऱ्या म्या कापीन. तू एकटीनं समदं धरून ठिवलंस, आन आमी नुसतं कंचं सुटतं ते बघत बसलो."

राकेश उठून दूध तापवायला ठेवून आला, आणि त्या दिवशी ते उतू गेलं. पण करपलं नाही.

संजनाने माझ्या कापलेल्या टोकाला लाल दोऱ्याचे घट्ट टाके घातले. आता मला कुणीही हातात घेतलं तरी त्याला समजतं की इथे काहीतरी कमी आहे, जपून मोजा. मित्रांनो, तुमच्याही घरात अशा वस्तू असतील, कान तुटलेला कप, एका बाजूला कललेली खुर्ची, बटण दोनदा दाबावं लागणारा मिक्सर. त्यांना फेकून देऊ नका, पण त्यांची खोट विसरूही नका. त्यांना सांभाळायचं म्हणजे त्यांचं काय कमी आहे ते लक्षात ठेवायचं. आणि माणसांचंही तसंच करा. एखादी व्यक्ती सगळं निभावून नेते आहे असं दिसलं, तर तिला कुठे कमी पडतंय ते वेळेवर विचारा. आम्हाला तोंड नाही. माणसांना असतं, पण ती सांगत नाहीत.

सायखेड्याचं तोरण वेळेत पोचलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संजना मला घेऊन झाकणाच्या डब्यात ठेवणार, तोच लंकाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांचं माप मी कधी घेतलं नव्हतं. त्यांचे ब्लाउज नेहमी जुन्या ब्लाउजवरून बेतले जात.

"माझं माप घे," त्या म्हणाल्या.

"कशाचं, आई?"

"पायजम्याचं. लुगड्यात पाय अडकतो. तू पळ, म्या त्या रस्त्यावर चालंन. सायखेड्यात कुणाला सांगू नको."

संजना गुडघ्यांवर बसली. शाळेच्या फोटोला मुलं उभी राहतात तशा लंकाबाई ताठ उभ्या होत्या. संजनाने माझं लाल दोऱ्याचं टोक त्यांच्या कमरेशी लावून मला खाली सोडलं, मनात चार वजा धरले आणि दुसऱ्या हाताचं बोट घोट्याशी टेकवलं. आकडा दिसत होता, पण ती तो वाचेना. मला त्या घोट्याशी धरून ती तशीच बसून राहिली.

लंकाबाईंनी वरून खाली पाहिलं. "किती येळ लावती? सकाळी उठायचं हाय आपल्याला."