माझी सावली शेजारच्या खिडकीत

मित्रांनो, मला शोधायला फार वर पाहू नका. तिसऱ्या गल्लीत, मोटरकाकांच्या घराच्या पश्चिमेला, पत्र्याच्या शेडमागे एक बुटका खांब आहे. त्याच्या टोकाला तीन लाकडी पात्यांची एक जुनी पवनचक्की रेंगाळत फिरताना दिसेल. तीच मी. एके काळी मी याच घराच्या पूर्वेला, याच्या दुपटीहून उंच खांबावर होते आणि गल्लीच्या तोंडापासून दिसत होते. तिथून मला खाली का उतरवलं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगते.

मोटरकाका जळलेल्या मोटरी दुरुस्त करतात. जळकी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढा-वेढा गुंडाळून बसवायची, यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नाही. मुलं त्यांना मोटरकाका म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोटरकाकू. "मी काय मोटर आहे?" असं काकू रागाने विचारतात, पण हाक मारली की ओ देतात. माझ्या पोटातली वेटोळी काकांनी स्वतः गुंडाळली. पाती तासली आणि तेल पाजून उन्हात सुकवली. वारा येईल तिकडे तोंड वळावं म्हणून मला पत्र्याची शेपूटही लावली. बाळाला न्हाऊमाखू घालावं तशी मी घडले.

घराशेजारी पवनचक्की उभारायची तर नगरपरिषदेचे नियम असतात. खांब ठरलेल्या उंचीपेक्षा जास्त नको. तो कधी कोसळलाच तर कोणत्याही बाजूला आपल्याच आवारात पडेल एवढी जागा हवी. तिचा आवाज शेजारच्या भिंतीशी साध्या बोलण्यापेक्षा मोठा नको. आणि शेजाऱ्यांची हरकत नको. नियम चांगले आहेत मित्रांनो, त्यांना मी नावं ठेवत नाही.

नगरपरिषदेचे साहेब तपासणीला आले तेव्हा मी अंगणात आडवी पडले होते. त्यांनी टेप लावून माझा खांब मोजला, चारी कुंपणांपर्यंतची जागा मोजली आणि मान डोलावली. मग हरकतीचा प्रश्न आला. आमच्या गावात तो विचारायची एक पद्धत आहे. ज्याला परवानगी हवी त्याच्याच अंगणात शेजाऱ्यांना बोलावतात, तोच सगळ्यांना चहा देतो, आणि कप हातात असताना साहेब विचारतात, "कुणाची काही हरकत?"

सगळे चहा फुंकू लागले. फक्त पलीकडच्या घरातल्या टेलरकाकू जरा पुढे सरकल्या. त्या काकांच्या दिवंगत मित्राच्या पत्नी. काका त्यांना वहिनी म्हणतात. त्यांचा नळ, त्यांचा पंखा, त्यांच्या शिलाई मशीनची मोटर, सगळं काकाच बघतात आणि एक पैसा घेत नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "दुपारी ऊन इकडून येतं ना, तर..."

"काकू, आता तुमची मशीन वाऱ्यावर पळेल," कोपऱ्यावरचा दुकानदार मध्येच म्हणाला. "माझी पँट निदान थंडीच्या आत मिळेल."

सगळे हसले. टेलरकाकूही हसल्या. त्यांनी कपात पाहिलं, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "भाऊजी करतील ते बरोबरच असेल."

मी जमिनीवर होते, म्हणून मला त्यांचा चेहरा खालून दिसत होता. तो हसत नव्हता.

मला उभं केलं आणि वारा भेटला. काय सांगू तुम्हाला! पहिल्याच दिवशी काकांच्या शेडमधला दिवा माझ्या विजेवर लागला. लोक मान वर करून बघायचे. काका शेडच्या दारात उभे राहून मिशीतल्या मिशीत हसायचे.

पण माझी सावली जिथे पडते तिथलं सगळं मला दिसतं. सकाळी ती काकांच्या कौलांवर असायची. ऊन कललं की ती कुंपण ओलांडून टेलरकाकूंच्या पुढच्या खोलीत शिरायची. त्या खोलीला एकच मोठी खिडकी, आणि खिडकीला लागून त्यांची मशीन. काकूंची सगळी बारीक कामं तिथल्या दुपारच्या उजेडावर चालत. आता सुईवर उजेड पडे, जाई, पुन्हा पडे, पुन्हा जाई. वाऱ्याने जोर धरला की सगळी खोलीच डोळे मिचकावल्यासारखी होई. काकू पडदा लावत, तर अंधार. पडदा काढत, तर मी. त्या मशीन थांबवून वारा पडायची वाट बघत बसत. आणि मला तर वारा आला की फिरावंच लागतं. मला स्वतःला थांबवता येत नाही.

एका वकीलबाईंचा काळा कोट त्यांच्याकडे शिवायला आला होता. काळ्या कापडावर काळा दोरा, आणि त्यावर माझी काळी सावली. बाही उलटी बसली. उसवली, पुन्हा बसवली, तरी चुणी राहिलीच. वकीलबाई कोट घेऊन गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. मग काकूंनी मशीन ओढत ओढत मागच्या कोंदट खोलीत नेली. तिथे माझी सावली पोचत नाही. दिवसाढवळ्या बल्ब लावून त्या काम करू लागल्या. खिडकीपाशी मशीनच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आणि मी रोज दुपारी त्या रिकाम्या फरशीवरून फिरत राहिले.

त्याच आठवड्यात शाळेची मुलं मला बघायला आली. बाई त्यांना सांगत होत्या, "बघा, कुणालाही त्रास न देता ही वीज करते." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं, आणि मी होते गल्लीत सगळ्यांत उंच.

हे काकांपर्यंत पोचलं ते त्यांच्याच शर्टामुळे. त्यांनी विरलेली कॉलर उलटवून घ्यायला शर्ट दिला होता. तो घरी आला तर कॉलरची शिवण एका बाजूला सरकलेली. काका म्हणाले, चालतंय की, कोण बघतंय. पण मोटरकाकूंनी शर्ट दोन्ही हातांत ताणून धरला. "वहिनींचा हात असा चालत नाही," त्या म्हणाल्या. "जाऊन बघा जरा. आणि पुढच्या दाराने जा, कुंपणावरून हाका मारू नका."

काका दुपारी गेले. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. आतून "आले हं" असा आवाज आला, म्हणून ते खिडकीपाशी स्टुलावर टेकले. समोर टाचण्यांच्या उशीत एक सुई होती, शेजारी दोऱ्याचं रीळ. त्यांचे हात कधी रिकामे राहत नाहीत. त्यांनी दोरा ओवायला घेतला. केसासारखी बारीक तार हाताळणारा माणूस, पण दोरा काही सुईत जाईना. नेमक्या वेळेला उजेड जात होता. त्यांनी डोळे चोळले, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पुन्हा ओवून पाहिलं. मग त्यांनी मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं, आणि त्यांना मी दिसले.

टेलरकाकू दारात येऊन उभ्या होत्या.

"वहिनी, हे रोजचंच आहे?"

"वारा असला की. नसला की नाही."

काकांनी फरशीवरच्या मशीनच्या खुणांकडे पाहिलं. "मला बोलला का नाहीत?"

"साहेबांनी विचारलं तेव्हा तुमचाच चहा माझ्या हातात होता, भाऊजी."

काका चाचरले. साहेबांनी उंची मोजली होती, जागा मोजली होती, सगळं नियमात होतं, असं काहीबाही म्हणाले.

"नियमातच आहे," टेलरकाकू म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणते?"

माझी सावली त्यांच्या चेहऱ्यावरून जात होती, येत होती. काकांनी सुई जपून उशीत टोचली आणि ते उठले. त्यांचे कान लाल झाले होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी माझा खांब धरून ठेवणाऱ्या ताणतारा सैल केल्या आणि मला आडवी केली. गल्ली जमली. "नियमात असताना कशाला उतरवता?" दुकानदाराने विचारलं. काका नट खोलत राहिले.

पुढच्या सभेला ते नगरपरिषदेत गेले. सगळ्यांसमोर त्यांनी शेजारच्या खोलीत काय पाहिलं ते सांगितलं, आणि आपण वर्षभर शेजारी राहून ते पाहिलं नव्हतं हेही सांगितलं. उंचीबरोबर सावलीही बघा, म्हणाले, आणि हरकत विचारायची तर शेजाऱ्याच्या घरी जाऊन विचारा, परवानगी मागणारा तिथे नसताना. अध्यक्ष हसून म्हणाले, "म्हणजे आमच्या साहेबांना घरोघरी चहा प्यावा लागणार." पण ठराव मंजूर झाला.

मला आता पश्चिमेला बसवलंय. इकडे जागा अरुंद, म्हणून नियमाप्रमाणे खांब बुटका. पुढे गोदामाची भिंत, त्यामुळे वाराही अर्धाच. शेडमधला दिवा मिणमिणतो. शाळेची मुलं आता येत नाहीत. दुपारी माझी सावली काकांच्याच खिडकीत पडते, थेट त्यांच्या कामाच्या टेबलावर. तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना ते चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतात. टेबल हलवा, असं मोटरकाकूंनी किती वेळा सांगितलं. ते म्हणतात, "राहू दे इथेच."

पूर्वेकडून दुपारभर शिलाई मशीनचा आवाज येतो. पुढच्या खोलीतून येतो, हे मला इथूनही कळतं.

मित्रांनो, मला तेल द्या, माझी पाती पुसा, एवढंच मागून मी थांबले असते. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही उभारालच. तेव्हा शेजारी जाऊन विचारा, त्यांच्या घरी जाऊन विचारा. आणि "चालेल" असं उत्तर आलं तरी लगेच उठू नका. थोडा वेळ त्यांच्या खिडकीपाशी बसा. तिथून तुमचं घर कसं दिसतं, ते बघा.